वापरलेली पुस्तकं गोदाम-सेवेतून विकायची आहेत. कोणती पाठवू, कोणती घरीच ठेवू?

धूळझटक्या | रविवार, रात्री 10:40

नमस्कार मंडळी,

घरातली एक खोली पुस्तकांनी भरली आहे. परवा बसून मोजली, 640 निघाली. थोडी माझी, बाकी एका नातेवाइकांची. ते आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवत होते. आता लहान घरात राहायला गेले आणि जाताना म्हणाले, "यांचं काय ते तूच बघ." जी ठेवून घ्यायची होती ती मी आधीच बाजूला काढली. ही 640 त्यानंतर उरलेली.

गेल्या दोन महिन्यांत चौदा पुस्तकं ऑनलाइन विकली. सगळी स्वतः बांधली, स्वतः नेऊन पोहोचवली. एकेका पुस्तकापायी पाऊण तास जातो. या वेगाने सगळी संपायला साडेसात वर्षं लागतील, म्हणजे शब्दशः साडेसातीच.

म्हणून गोदाम-सेवेचा विचार करतोय. माल एकदाच त्यांच्या गोदामात धाडायचा. ऑर्डर आली की पुस्तक काढणं, बांधणं, पोहोचवणं, परत आलं तर घेणं, हे सगळं ते करणार आणि पैसे कापून घेणार. यात कोणी आहे का? सरसकट सगळी पाठवू, की निवडून? आणि निवडायची तर कशाच्या जोरावर?

---

पुठ्ठा | रविवार, रात्री 10:58

रुमाल टाकून ठेवतो. माझ्याकडेही अशीच एक खोली आहे, फक्त मोजायचं धाडस झालेलं नाही.

---

तिसरी_आवृत्ती | सोमवार, सकाळी 7:15

सहा वर्षं हेच करते आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

सरसकट अजिबात पाठवू नका. पुस्तक चांगलं आहे की वाईट, हा प्रश्न इथे गौण आहे. ते किती दिवसांत जाईल आणि गेल्यावर हातात काय उरेल, एवढंच बघायचं.

आधी हातात काय उरतं ते. आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत, तुमच्या सेवेचं दरपत्रक वेगळं असेल. समजा पुस्तक 100 ला गेलं. कमिशन 15. पुस्तकांवर बऱ्याच ठिकाणी त्यावर एक ठराविक रक्कमही कापतात, ती 8 धरा. काढणं, बांधणं, पोहोचवणं वजनावर आणि मापावर असतं, ते 35. तुमच्या दारापासून गोदामापर्यंतची वाहतूक पुस्तकामागे 5. उरले 37.

आता तेच पुस्तक 60 ला विकावं लागलं तर? कमिशन 9 झालं, पण बाकीचे 48 आहेत तेवढेच. उरले 3. किंमत 40 टक्के उतरली आणि तुमचा वाटा नव्वद टक्क्यांहून जास्त उडाला. नवीन लोक इथेच फसतात. कमिशनची टक्केवारी पाठ असते, पण खरा खड्डा त्या न हलणाऱ्या 48 चा असतो. म्हणून स्वस्त आणि जाडजूड पुस्तक गोदामात कधीच पाठवू नका. हजार पानांची लोकप्रिय कादंबरी, जिच्या प्रती बाजारात ढिगाने पडल्या आहेत, ती विकून तुम्हाला उलट खिशातून घालावे लागतील.

आणि यात भाडं अजून धरलंच नाही. पुस्तक जेवढी जागा व्यापतं तिचं दरमहा भाडं असतं. वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत गोदामं भरलेली असतात, त्यामुळे अनेक ठिकाणी तेव्हा दर चढतो. फार काळ पडून राहिलेल्या मालावर वेगळा आकार लागतो. एका पुस्तकाचं भाडं किरकोळ वाटतं, पण दीड वर्ष न हललेली दोनशे पुस्तकं असली की दुसऱ्यांनी मिळवलेलं ती खाऊन टाकतात.

क्रमवारीबद्दल रात्री लिहिते, आता निघायचं आहे.

---

रद्दीवाला_नव्हे | सोमवार, सकाळी 9:30

वाचून वाईट वाटलं. शिकवणाऱ्या माणसाचा संग्रह आणि चर्चा कशाची, तर घनफुटांची. मी जुनी पुस्तकं हाताळून घेणारा माणूस आहे. हल्ली जुन्या पुस्तकांच्या विक्रीत सकाळी दार उघडताच स्कॅनर घेतलेले लोक घुसतात. पुस्तक उलटं करायचं, बारकोड, टिंग, पिशवीत. टिंग झालं नाही की परत फेकायचं. नाव काय, लेखक कोण, बघतसुद्धा नाहीत. विटा विकल्यासारखी पुस्तकं विकतात.

---

पुठ्ठा | सोमवार, सकाळी 9:52

रद्दीवाले, विटेला बारकोड नसतो. बाकी सहमत.

---

तिसरी_आवृत्ती | सोमवार, रात्री 9:10

@रद्दीवाला_नव्हे, तुमचा राग समजतो, टिंगवाल्यांचा मलाही येतो. पण गेल्या वर्षी धातूंच्या गंजण्यावरचं वीस वर्षं जुनं एक पुस्तक मी विकलं. ते तुमच्या त्या विक्रीत तीन दिवस पडून होतं, कोणी हात लावला नव्हता. घेणारा दूर कुठेतरी तेच शोधत बसला असणार. त्याच्यापर्यंत ते दुसऱ्या कोणत्या वाटेने गेलं असतं?

आता क्रमवारी. अॅमेझॉनसारख्या ठिकाणी प्रत्येक पुस्तकाला विक्रीच्या क्रमवारीचा आकडा असतो. आकडा जितका लहान तितकं ते जास्त खपतं, इथवर सोपं आहे. पण तो आकडा म्हणजे त्या क्षणाचा फोटो. आठ महिने धूळ खात पडलेल्या पुस्तकाची आज दुपारी एक प्रत गेली, की संध्याकाळी ते एकदम वर दिसतं. तुम्ही नेमकं तेव्हाच बघितलंत तर वाटणार, वा, काय मागणी आहे!

म्हणून आकडा बघायचा नाही, आलेख बघायचा. 'कीपा'सारखी ऑनलाइन साधनं त्या आकड्याचा जुना इतिहास रेषेत दाखवतात. पुस्तक खपत नसलं की रेषा हळूहळू वर चढत जाते, विकलं गेलं की धाडकन खाली येते. करवतीच्या दात्यांसारखं दिसतं. दाते मोजा. सहा महिन्यांत वीस दाते असतील तर पाठवा. दोन असतील, तर तुमच्या आधी किती जण तीच प्रत घेऊन बसलेत ते बघा, कारण त्या दोन गिऱ्हाइकांसाठी तुम्ही रांगेत उभे आहात.

दात्यांची तारीखही बघायची. अभ्यासक्रमाच्या पुस्तकांचे दाते सत्र सुरू होताना दाट असतात, मधे सपाट. आणि नवी आवृत्ती निघाली की जुनीचा भाव रातोरात बसतो. माझं टोपणनाव उगाच नाही पडलं: चौथी आवृत्ती जाहीर व्हायच्या आदल्या आठवड्यात मी तिसरीच्या नऊ प्रती पाठवल्या होत्या.

---

धूळझटक्या | सोमवार, रात्री 9:45

हे भलतंच कामाचं आहे. आजच चाळीस पुस्तकांचे आलेख बघितले. ज्यांच्याबद्दल खात्री होती ती सपाट निघाली. ज्या एका पुस्तकाकडे तुच्छतेने बघत होतो (विजेच्या मोटारींची दुरुस्ती, कव्हरवर तेलाचा डाग) त्याला दातेच दाते.

दोन अडचणी. एक, बरीच पुस्तकं इतकी जुनी आहेत की बारकोडच नाही. दुसरी, आत गोदामात नेमकं काय होतं? नीट ठेवतात ना?

---

गोदामातला_उंदीर | मंगळवार, पहाटे 1:20

अशाच एका गोदामात दोन वर्षं काढली आहेत. कोणतं ते विचारू नका.

बाहेरच्यांना वाटतं आत ग्रंथालयासारखी विषयवार कपाटं असतील. तसलं काही नसतं. कप्प्यात जागा दिसली की माल तिथे. मुद्दामच तशी रचना असते. तुमचं भौतिकशास्त्र एका बाजूला शाम्पू आणि दुसऱ्या बाजूला खेळण्यातली गाडी, अशा शेजारात उभं राहणार. कप्प्याचा बारकोड वाचला, पुस्तकाचा वाचला, पुढे. कुठे काय आहे हे यंत्राला ठाऊक असतं, माणसाला नाही. एकाच पुस्तकाच्या पाच प्रती पाच ठिकाणी असतात. ऐकायला अंदाधुंदी वाटते, पण सारखी दिसणारी दोन पुस्तकं शेजारी येत नाहीत, त्यामुळे काढणाऱ्याचा हात चुकत नाही.

यातून तुम्ही तीन गोष्टी ध्यानात घ्या. तिथे पुस्तक कोणीही उघडत नाही. लेबल म्हणेल ते पुस्तक. लेबलावर "नव्यासारखं" आणि आत अर्धं पुस्तक पिवळं रंगवलेलं असलं, तर ते तसंच गिऱ्हाइकाच्या हातात पडणार.

दुसरं, वापरलेल्या प्रतीला तुमच्या खात्याचं वेगळं लेबल लागतं आणि त्याने मूळ बारकोड पूर्ण झाकला गेला पाहिजे. पूर्ण म्हणजे पूर्ण. कडेला चार रेघा उघड्या राहिल्या तरी वाचणारं यंत्र कधी कधी तेच पकडतं, मग पुस्तक अडचणीच्या ढिगात जातं आणि तिथे आठवडे काढतं. लेबल मागच्या बाजूला, सपाट जागी लावा. कण्यावर दुमडलेलं लेबल वाचलं जात नाही.

तिसरं, वरचं सुटं कागदी जॅकेट. घाईत कप्प्यात कोंबताना सगळ्यात आधी फाटतं ते हेच. त्याची किंमत असेल तर प्रत घरी ठेवा. नसेल तर पारदर्शक पिशवीत घालून लेबल पिशवीवर लावा. दोन-तीन खंडांचा संच असेल तर एकत्र आवळून "संच आहे, वेगळा करू नये" असं लिहा. नाहीतर पहिला खंड एका मजल्यावर, दुसरा भलत्याच.

---

शाईचा_डाग | मंगळवार, सकाळी 8:05

"लेबल म्हणेल ते पुस्तक." उंदीरराव, हे वाक्य मला दोन वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर!

माझी कथा ऐका. 30 पुस्तकं, एका कागदावर 30 लेबलं, क्रम जुळवून ठेवलेला. अकरावं पुस्तक हातात होतं आणि फोन वाजला. बोलता बोलता ते पुस्तक झालेल्यांच्या ढिगावर ठेवलं, लेबल न लावता. फोन आटपून परत बसलो. अकरावं लेबल बाराव्या पुस्तकावर, बारावं तेराव्यावर, असं पार शेवटपर्यंत. शेवटी एक लेबल उरलं. ते बघून मला काय वाटावं? एखादं जास्तीचं छापलं गेलं असेल! खोकं बंद केलं, वर चिकटपट्टी मारली, पाठवून दिलं.

म्हणजे 19 पुस्तकं दुसऱ्याच नावाने आणि एक बिनलेबलाचं. पहिली तक्रार आली ती संख्याशास्त्राचं पुस्तक मागवलेल्याची, त्याला विणकामाचे नमुने पोहोचले होते. मी गोदामाला दोष देत तावातावाने पत्र लिहिलं. दुसरी तक्रार आली, आणखी एक पत्र. तिसऱ्या तक्रारीला, ज्याला गंजण्यावरच्या पुस्तकाऐवजी बागकाम मिळालं होतं, तेव्हा कुठे ते उरलेलं लेबल आठवलं. टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवलं होतं, अजूनही तिथेच होतं.

मग उरलेली सगळी पुस्तकं विक्रीतून काढली आणि परत मागवली. परत मागवायलाही पुस्तकामागे पैसे पडतात. सगळी घरी यायला सहा आठवडे लागले. आता लेबलावर छापलेलं नाव आणि कव्हरवरचं नाव दोन्ही मोठ्याने वाचतो. घरातले हसतात, हसू देत. आणि शेवटचं लेबल शेवटच्या पुस्तकाला जुळलं तरच खोकं बंद होतं.

---

पुठ्ठा | मंगळवार, सकाळी 8:20

विणकाम मिळालेल्याने पुस्तक परत केलं की नाही?

---

शाईचा_डाग | मंगळवार, सकाळी 8:31

नाही केलं. पैसे परत घेतले आणि पुस्तकही ठेवलं.

---

कसर | मंगळवार, दुपारी 2:40

बारकोड नसलेल्या पुस्तकांबद्दल. (टोपणनावावर जाऊ नका, मी पुस्तकं खात नाही. ग्रंथालयात काम करते.)

बारकोड नसला तरी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख-क्रमांक, असू शकतो. नावाच्या पानामागचं पान बघा. आयएसबीएन आंतरराष्ट्रीय मानक झालं ते 1970 मध्ये. त्याच्या थोडं आधी 9 अंकी एसबीएन चालायचा. 9 अंकीच दिसला तर पुढे 0 लावा, 10 अंकी तयार. 1 जानेवारी 2007 पासून 13 अंकी आला. 10 अंकी क्रमांकाच्या शेवटी कधी कधी रोमन एक्स असतो, ती छपाईची चूक नव्हे. तिथे पडताळा-अंक (बाकीच्या अंकांवरून काढलेला शेवटचा अंक) दहा आला आहे आणि दहासाठी एकच अक्षर हवं म्हणून रोमन दहा.

आता एक खोड. 10 चं 13 करताना लोक पुढे 978 लावतात आणि बाकीचं तसंच ठेवतात. चुकतं. शेवटचा अंक पुन्हा काढावा लागतो. उदाहरणाला 0306406152 घ्या. शेवटचा 2 सोडा, पुढे 978 लावा: 978030640615. आता डावीकडून अंकांना आळीपाळीने 1 आणि 3 ने गुणत बेरीज करा. 93 येते. पुढचा दशक 100, फरक 7. म्हणून 13 अंकी क्रमांक 9780306406157. शेवटी 2 ठेवला असता तर यंत्राने नाकारला असता. क्रमांक हाताने टाइप करताना एखादा अंक चुकला तरी हाच पडताळा पकडतो, नाहीतर तुमचं पुस्तक भलत्याच्याच नावावर गेलं असतं.

क्रमांक मुळीच नसेल, म्हणजे बहुधा पुस्तक त्याआधीचं असेल, तर ते गोदामात पाठवूच नका. अशा पुस्तकांच्या नोंदी मोडक्यातोडक्या असतात, एकाच नोंदीखाली चार वेगळ्या आवृत्त्या कोंबलेल्या. घेणाऱ्याला नेमकी पहिली हवी असते आणि तुमची असते पाचवी. ती घरी ठेवा, फोटो काढून सावकाश विका. क्रमांक असला तरी बांधणी बघा, पुठ्ठ्याच्या आणि कागदी बांधणीच्या प्रतींचे क्रमांक वेगळे असतात.

अवांतर: अॅमेझॉनची सुरुवात पुस्तकांपासून झाली त्याचं एक कारण हे क्रमांकच असावेत. अॅमेझॉनने 1995 मध्ये दुकान उघडलं ते पुस्तकांचं. 2000 मध्ये बाहेरच्या विक्रेत्यांना शेजारी बसायला जागा दिली, 2006 मध्ये एफबीए म्हणजे त्यांची गोदाम-सेवा आली. बाजारातल्या बहुतेक पुस्तकांना एकेक क्रमांक आधीच मिळालेला होता, तयार पंगतच मांडलेली. त्यांच्याकडे मालाचा जो दहा अक्षरी ओळख-क्रमांक असतो तो पुस्तकांच्या बाबतीत चक्क 10 अंकी आयएसबीएनच असतो. 979 ने सुरू होणाऱ्या 13 अंकी क्रमांकांना 10 अंकी रूपच नाही, त्यांना तेवढा वेगळा.

---

धूळझटक्या | मंगळवार, रात्री 11:05

@कसर, मी खरंच 978 लावून शेवटचा अंक तसाच ठेवत होतो आणि यंत्राला शिव्या देत होतो. आभार.

प्रत कोणत्या वर्गात घालायची यावर कोणी बोलेल का? आणि दोन खोक्यांना कुबट वास आहे.

---

तिसरी_आवृत्ती | बुधवार, सकाळी 7:05

बहुतेक ठिकाणी पायऱ्या चार: नव्यासारखं, खूप चांगलं, चांगलं, चालण्याजोगं. "नव्यासारखं" हे शब्द मोहात पाडतात. मी ते शंभरात दोन पुस्तकांना देत असेन. शंका आली की एक पायरी खाली. भाव थोडा कमी येतो, पण पुस्तक परत येत नाही. परत आलेलं पुस्तक गोदामातला माणूस दोन मिनिटंही बघत नाही, विक्रीयोग्य किंवा अयोग्य असा शिक्का मारून मोकळा होतो. मग ते तुमच्या खर्चाने घरी येतं.

माझी पद्धत: अंगठ्याने पानं फर्रकन सोडायची, दोनदा. पहिल्यांदा डोळे समासावर, दुसऱ्यांदा मजकुरावर. हायलायटर आणि पेन लगेच दिसतं. पेन्सिल दिसत नाही, तिच्यासाठी पुस्तक दिव्याखाली तिरकं धरायचं. मग पहिलं पान, तिथे नाव किंवा "सप्रेम भेट" असतंच. ग्रंथालयाचा शिक्का असेल तर सरळ "चांगलं" किंवा त्याखाली, आणि वर्णनात तसं लिहायचं.

अभ्यासक्रमाच्या पुस्तकात आत चिकटवलेला एकदाच वापरायचा ऑनलाइन कोड असतो, त्यावरची पट्टी खरवडलेली आहे का बघा. "कोड नाही" हे ठळक लिहिलं नाही तर परतावा ठरलेला.

---

कसर | बुधवार, सकाळी 10:15

वासाचं मी सांगते. वास म्हणजे आधी बुरशी आहे का ते बघा. कापसासारखी पांढुरकी किंवा हिरवट लव दिसली तर ते पुस्तक विकायचं नाही, इतरांपासून लगेच वेगळं करा. बंद खोलीची आर्द्रता 60-65 टक्क्यांच्या वर राहिली की ती येते. लव नसेल, नुसता वास असेल, तर बंद डब्यात तळाला खायचा सोडा एका वाटीत आणि वर पुस्तक उभं, पानं किंचित उघडी, आठवडाभर. सोडा पुस्तकावर टाकायचा नाही.

पानांवरचे तपकिरी ठिपके जात नाहीत. घासू नका, वर्णनात लिहा. जिवंत किडे दिसले तर पुस्तक पिशवीत घट्ट बंद करून उणे 20 अंशांत दोन आठवडे ठेवतात, आम्हीही तेच करतो. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर दव धरतं.

---

रद्दीवाला_नव्हे | बुधवार, दुपारी 12:50

एक शंका, खोचक नाही, खरीच. काही पुस्तकांवर "अमुक देशातच विक्रीसाठी", "नमुना प्रत, विक्रीसाठी नाही" असं छापलेलं असतं. ती विकायची?

---

शाईचा_डाग | बुधवार, दुपारी 3:30

कायद्याचं शिक्षण नाही, पण या विषयावर मी बराच कीस काढला आहे. मूळ तत्त्व असं: प्रत एकदा रीतसर विकली गेली की त्या प्रतीवरची प्रकाशकाची पकड सुटते. अमेरिकेत हे 1908 च्या एका निकालाने पक्कं झालं. तिथे प्रकाशकाने पुस्तकातच छापलं होतं की एका डॉलरहून कमी किमतीला विकाल तर हक्कभंग, आणि दुकानदाराने 89 सेंटला विकलं. सर्वोच्च न्यायालयाने दुकानदाराच्या बाजूने निकाल दिला. परदेशी आवृत्तीचा प्रश्न त्याच न्यायालयात 2013 मध्ये सुटला. कीर्तसेंग नावाचा थायलंडहून शिकायला आलेला विद्यार्थी घरच्यांकडून तिकडच्या स्वस्त आवृत्त्या मागवून अमेरिकेत विकत होता. वायली या प्रकाशकाने खटला भरला. 6 विरुद्ध 3 मतांनी विद्यार्थी जिंकला.

पण हे त्या देशापुरतं, प्रत्येक देशाचा कायदा वेगळा. शिवाय कायदा एक आणि विक्रीस्थळाचे नियम दुसरे. प्रकाशनापूर्वीच्या कच्च्या छपाईच्या प्रती अनेक ठिकाणी चालत नाहीत. नमुना प्रत विकली गेलेलीच नसते, दिलेली असते, त्यामुळे तिची गोष्ट निराळी. मी दोन्हींच्या वाटेला जात नाही. परदेशी आवृत्ती मूळ आवृत्तीच्या नोंदीखाली घालणं तर उघड फसवणूकच, धड्यांची उदाहरणं आणि पानांचे क्रमांकही जुळत नाहीत.

---

गोदामातला_उंदीर | गुरुवार, पहाटे 12:55

खोक्यांचं राहिलं. मोठं खोकं घेऊ नका, पुस्तकांचं वजन डोळ्याला कळत नाही. बऱ्याच सेवांची मर्यादा एका खोक्याला 22-23 किलोच्या आसपास असते. वर गेलं की खोकं अडतं. पुस्तकं आडवी, थरावर थर. उभी ठेवायची तर कणा खाली, पानांची कड खाली नको, नाहीतर पानांच्या ओझ्याने बांधणी सुटते. पोकळीत चुरगळलेला कागद ठासून भरा. बंद करून हलवा. आतून आवाज आला तर उघडा आणि आणखी भरा. तळाला चिकटपट्टी एक उभी, दोन आडव्या. खोकं उचलणारा तळ धरत नाही, झडपा धरतो.

---

धूळझटक्या | सात आठवड्यांनी, शनिवार, रात्री 9:20

धागा वर काढतो, हिशेब द्यायला आलोय.

640 पैकी 118 पाठवली. दाते, वजन आणि तो न हलणारा खर्च, या तीन चाळण्यांतून एवढीच उतरली. आतापर्यंत 43 गेली. परत आली दोन, त्यातलं एक माझ्याच चुकीने: पेन्सिलीच्या खुणा दिव्याखाली बघायचा कंटाळा केला होता. तेलाच्या डागाचं मोटारदुरुस्तीचं पुस्तक गोदामात पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी गेलं. भाव मात्र रोज बघू नये असं आता ठरवलंय. कोणीतरी एक उतरतो, दुसऱ्याचं यंत्र त्याच्याखाली उतरतं, आणि आपण रात्री बारा वाजता दोघांच्या मागे जिना उतरत असतो.

बाकीच्यांत कुणालाच नको असलेली, पण धड असलेली अडीचशे पुस्तकं एका वाचनालयाने नेली. क्रमांक नसलेली घरी आहेत, रद्दीवाल्यांनी त्यांतल्या आठांचे फोटो मागवले आहेत.

एक पुस्तक पाठवण्याच्या ढिगात होतं, उष्मागतिकीवरचं (थर्मोडायनॅमिक्स). आलेख झकास. समासभर पेन्सिलीच्या टिपा होत्या, म्हणून खोडरबर घेऊन बसलो. चाळीसेक पानं खोडून झाली आणि वाटलं, एकदा विचारावं. त्या नातेवाइकांना फोन केला. ते म्हणाले, "खोडू नकोस. तिथे छपाईच्या चुका आहेत, मी दुरुस्त केल्यात. सहाव्या प्रकरणात तर चिन्हच उलटं छापलंय." मी सहावं प्रकरण उघडलं. ते माझ्या चाळीस पानांत येऊन गेलं होतं. आता त्यांनी फोनवर सांगितलं आणि मी पुन्हा पेन्सिलीने लिहिलं. अक्षर माझं आहे, तेवढं खटकतं. पुस्तक ढिगातून काढलं.

---

रद्दीवाला_नव्हे | शनिवार, रात्री 9:41

चिन्ह अधिक होतं की उणे?

---

धूळझटक्या | शनिवार, रात्री 9:44

छापलंय अधिक. हवं उणे.

---

शाईचा_डाग | शनिवार, रात्री 10:02

ते सगळं ठीक. शेवटचं लेबल जुळलं का?

---

धूळझटक्या | शनिवार, रात्री 10:05

जुळलं. चारही खोक्यांचं. मोठ्याने वाचून. घरातले हसले.